१९९५ची आरएक्स १०० रिपासिंगला न्यायची आहे: धूर आणि चेसिस नंबर या दोन अडचणी

प्रश्न (सातारा)

नमस्कार. माझ्या वडिलांच्या नावावर मार्च १९९५ मध्ये नोंदवलेली यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल आहे. पहिली पंधरा वर्षे संपल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, म्हणजे रिपासिंग, आम्ही वेळेवर करून घेतले होते. मात्र या वर्षी वडिलांच्या आजारपणात तारीख लक्षात राहिली नाही आणि मार्च २०२५ मध्ये मुदत संपून गेली. आता नोव्हेंबर उजाडला आहे. गाडी मूळ रंगातच आहे, इंजिनही मूळचेच आहे आणि वडील आजही दर रविवारी ती स्वतःच्या हाताने पुसतात, त्यामुळे ती भंगारात देण्याचा विचार घरात कोणीही केलेला नाही.

अडचणी दोन आहेत. पीयूसीच्या (प्रदूषण प्रमाणपत्राच्या) तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ५.८ टक्के आले आणि हायड्रोकार्बनही मर्यादेपेक्षा जास्त आले. दुसरे असे की, हँडलखालच्या नळीवरचा चेसिस नंबर रंगाच्या थरांमुळे आणि गंजामुळे जेमतेम निम्माच वाचता येतो. एका एजंटाने गाडी न नेताच पीयूसी काढून देण्याची तयारी दाखवली, पण ते मला योग्य वाटत नाही. आधी काय दुरुस्त करावे आणि खर्च साधारण किती धरावा, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

उत्तर १ (गॅरेज व्यावसायिक, सांगली)

एजंटाला नकार दिलात हे उत्तम केलेत. गाडी न तपासता मिळालेल्या कागदामुळे धूर कमी होत नाही, आणि आरटीओच्या निरीक्षकासमोर गाडी सुरू केली की तो दिसतोच.

३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या टू-स्ट्रोक दुचाकीसाठी मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम (दहा लाख भागांत ९,००० भाग) अशी आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले थोडे न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाते, म्हणून तिच्यासाठी हायड्रोकार्बनची मर्यादा एवढी सैल ठेवली आहे. इंजिन सुस्थितीत असेल तर तीस वर्षांची आरएक्ससुद्धा या मर्यादेत बसते. माझ्या गॅरेजमधून अशा गाड्या नियमित पास होऊन जातात, म्हणून हे खात्रीने लिहितो आहे.

आपला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहता मिश्रणात पेट्रोल जास्त जात आहे. एअर फिल्टरचा फोम तेलाने थबथबलेला असेल तर प्रथम तो बदला. नंतर कार्ब्युरेटर उघडून चोकच्या (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणाऱ्या भागाच्या) दट्ट्याच्या टोकाचे रबर पाहा. ते झिजले किंवा चिरले असेल तर चोक बंद असतानाही जादा पेट्रोल झिरपत राहते, आणि ही गोष्ट बऱ्याच मेकॅनिकांच्या नजरेतून सुटते. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुईही त्याच वेळी तपासा. त्यानंतर एअर स्क्रू अलगद पूर्ण आत बसवून दीड फेरी बाहेर काढा. तिथून पुढचे बारीक समायोजन इंजिन गरम असताना, शक्यतो पीयूसीच्या यंत्रासमोरच करून घ्या. या कार्ब्युरेटरमध्ये तो स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते.

आता धुराविषयी. ऑइल पंपाची केबल गरजेपेक्षा घट्ट बसवलेली असेल तर पंप गरजेपेक्षा जास्त तेल सोडतो; पंपावरच्या खुणा जुळवल्या की हा दोष जातो. पंप बंद करून कोणी पेट्रोलमध्येच तेल मिसळत असेल, तर प्रमाण लिटरला २० मिली ठेवा. अंदाजाने बाटली रिकामी करण्याची सवयच अनेक गाड्यांना नडते. एवढे करूनही पांढरा धूर राहिला आणि गिअर ऑइल बदलताना भरल्यापेक्षा बरेच कमी निघाले, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील गेले आहे असे समजा. सायलेन्सरमधला बॅफल, म्हणजे आवाज कमी करणारी आतली नळी, काढून पाहा, त्यावर डांबरासारखा कार्बन साचलेला असतो; तो जाळून किंवा खरवडून साफ करा, पण आवाजाच्या हौसेने बॅफल कायमचा काढून टाकू नका, कारण त्याच एका कारणावरून गाडी परत पाठवली जाते.

उत्तर २ (कोल्हापूर, गेल्या महिन्यात स्वतःच्या जुन्या गाडीचे रिपासिंग केले)

वरील उत्तर अगदी योग्य आहे. मी चेसिस नंबरविषयी लिहितो, कारण माझी गाडी पहिल्या खेपेला त्यावरूनच परत आली होती. निरीक्षक सर्वांत आधी गाडी कागदावरचीच आहे की नाही हे पाहतात. ब्रेक, दिवे, हॉर्न, आरसे यांची पाळी त्यानंतर येते. नंबरावर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात चालवू नका. घासलेला नंबर म्हणजे छेडछाड केलेला नंबर, असाच अर्थ घेतला जातो. मी थिनरमध्ये भिजवलेली चिंधी वीस मिनिटे त्यावर गुंडाळून ठेवली, मऊ पितळी ब्रशने रंगाचे पापुद्रे काढले आणि मग पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. जो आकडा डोळ्यांना तीन की आठ हे कळत नव्हते, तो कागदावर स्पष्ट आठ उमटला. पुन्हा गंज चढू नये म्हणून शेवटी ग्रीसचा हात फिरवला.

खर्चाचे म्हणाल तर, वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झाले आहे. उशिरासाठी दरमहा ३०० रुपये लागतात, म्हणजे आपले आठ महिन्यांचे २,४०० होतील. पर्यावरण कर पाच वर्षांसाठी २,००० रुपये, आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली नसेल तर तिचे करासह ५३१ रुपये वेगळे. विम्याची मुदत आधी तपासा. नोंदणीची मुदत संपलेली असल्यामुळे गाडी चालवत नेऊ नका, छोट्या टेम्पोतून न्या. वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी वाद घालू शकते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. चोकच्या दट्ट्याचे रबर खरोखरच चिरलेले निघाले. ते आणि फिल्टर बदलल्यावर, तसेच बॅफल साफ केल्यावर काल कार्बन मोनॉक्साइड ३.१ टक्के आले, हायड्रोकार्बनही मर्यादेत आले आणि पीयूसी मिळाली. चेसिस नंबर थिनरने उघडा झाला असून त्याचा ठसा वडिलांनी स्वतः घेतला. फॉर्म २५ भरून शुल्क ऑनलाइन भरले आहे आणि तपासणीसाठी पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. मागचा ब्रेक-दिवा पायाच्या ब्रेकवर लागतो, पण हाताच्या ब्रेकवर लागत नाही. तेवढा स्विच सोमवारपर्यंत बदलून घेतो.

उत्तर १ (गॅरेज व्यावसायिक, सांगली)

स्विच बदलताना समोरचे चाक उचलून हँडलही दोन्ही बाजूंना सावकाश फिरवून पाहा. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर हँडलच्या सांध्यातला कोन सेट (बेअरिंगच्या वाट्या) आणि छर्रे बदलून घ्या. जुन्या आरएक्समध्ये तिथे खळगे पडतात, आणि निरीक्षकांनी चक्कर मारली की ते लगेच हाताला जाणवते.