मेंदूची 'लवचिकता' म्हणावं का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
मेंदूत गाठ असलेल्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. गाठ सावकाश वाढत असेल तर तिथली काही कामं मेंदू शेजारच्या, कधी पलीकडच्या अर्धगोलातल्या भागांकडे सोपवतो. या प्लॅस्टिसिटीला सगळीकडे 'लवचिकता' म्हटलेलं दिसतं. मला ते खटकतं. दुसरा शब्द आहे का?

उत्तर (खारघर):
ताई, खटकायलाच हवं. लवचिक म्हणजे लवणारं. वेताची छडी वाकते, सोडली की सरळ होते. प्लॅस्टिसिटी याच्या उलट, नवा आकार धरून ठेवणारी. मी वाचा-उपचार करते. 'मेंदू लवचिक असतो' हे ऐकून घरचे सगळं पूर्ववत होईल असं धरून चालतात, आणि मग पेशंटवर चिडतात. फार वाईट वाटतं.

फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकानं १८६१ मध्ये डाव्या कपाळामागच्या एका भागाचा बोलण्याशी संबंध जोडला. तरी मंद वाढणाऱ्या ग्लायोमानं (मेंदूतल्या आधारपेशींपासून होणारी गाठ) नेमका तोच भाग व्यापलेली माणसं नीट बोलताना आढळतात. अशी गाठ वर्षाला साधारण ४ मिलिमीटर वाढते, त्यामुळे मेंदूला सवड मिळते. पक्षाघातात ती मिळत नाही. तिथेच अचानक इजा झाली तर वाचा जाऊ शकते. शब्दात ही सवड यायला हवी. 'घडणक्षमता' कसा वाटतो?

उत्तर (वाशी):
क्षमतेला 'घडणक्षमता' ठीक. पण जे प्रत्यक्ष घडतं त्याला मी 'कामांची फेरवाटणी' म्हणेन. वाटणी म्हटली की कुणाच्या वाट्याला काय येणार याला मर्यादा आलीच, आणि इथे ती खरीच आहे. मेंदूचा वरचा करडा थर जितकी मुभा देतो तितकी आतले पांढरे तंतू देत नाहीत. म्हणून काही शस्त्रक्रियांत पेशंटला जागं ठेवून बोलतं करतात, मेंदूला सौम्य वीजप्रवाह लावतात आणि शब्द अडला की ती जागा सोडून देतात. फ्रान्समधले शल्यविशारद ह्यूग द्यूफो यांनी दाखवलंय की काही जणांत काही वर्षांनी पुन्हा तपासलं तर काम दुसरीकडे सरकलेलं असतं. मग आधी सोडलेल्या गाठीचा आणखी भाग काढता येतो.

प्रश्नकर्ती:
'फेरवाटणी' घेते. वाक्य असं: 'गाठ हळू वाढत असेल तर मेंदू तिथल्या काही कामांची फेरवाटणी करू शकतो, सगळ्या कामांची नाही.' आणि मसुद्यातला 'अर्बुद' हा ट्यूमरचा पुस्तकी शब्द काढून 'गाठ'च ठेवते. ओपीडीच्या रांगेत 'अर्बुद' कुणी म्हणत नाही.