'सेल्फ-कंटेन्ड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका भाडेकराराचं मराठी करते आहे. त्यात सदनिकेला 'सेल्फ-कंटेन्ड' म्हटलंय. 'स्वयंपूर्ण' लिहू का? पण त्या शब्दानं मला परसात विहीर, आळ्यात भाजी असलेलं घर दिसतं.

उत्तर : नका लिहू, तुमची शंका रास्त आहे. स्वयंपूर्ण म्हणजे बाहेरून काही लागत नाही असा. सदनिकेला पाणी पालिकेचं आणि वीजही बाहेरचीच.

मुंबईत 'सेल्फ-कंटेन्ड'चा अर्थ चाळीमुळे कळतो. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची. चूल आणि मोरी खोलीतच, पण संडास मजल्यावर सामाईक. सगळा फरक त्या संडासाचा. तो ज्याच्या दाराच्या आत, त्याला 'ब्लॉक' म्हणायचे. "ते आता ब्लॉकमध्ये राहायला गेले" एवढं म्हटलं की पुढं सांगावं लागत नसे. पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बायकांना या शब्दाची किंमत ठाऊक होती. पुनर्विकासात त्याच रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत, संडास आतच.

करारात मात्र 'ब्लॉक' चालणार नाही. 'स्वतंत्र स्वयंपाकघर, स्नानगृह व शौचालय असलेली सदनिका' असं उलगडून लिहा. लांबलं तरी भांडणाला जागा उरत नाही.

आणखी एक उत्तर : यंत्रांनाही हेच लागू. विंडो एसीत कॉम्प्रेसरपासून पंख्यापर्यंत सगळं एकाच पेटीत. स्प्लिटचे दोन भाग, मधे तांब्याच्या नळ्या. म्हणून विंडो एसी सेल्फ-कंटेन्ड, पण वीज गेली की तोही बंद. तिथं 'सर्व भाग एकाच पेटीत' पुरे. पाण्याखाली श्वास घेण्याच्या 'स्कूबा' साधनाच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं (एस, सी) 'सेल्फ-कंटेन्ड'चीच : हवा वरून नळीनं येत नाही, पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत असते.

प्रश्नकर्ती : मग सौर पॅनेलवाल्या घराला स्वयंपूर्ण म्हणतात, ते बरोबर?

उत्तर : बहुतेक वेळा नाही, आणि जाहिरातीत तसं छापणं मला फसवणूक वाटते. ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सार्वजनिक जाळ्याला, जोडलेली साधी यंत्रणा वीज गेली की भर उन्हातही बंद होते. ती मुद्दामच तशी बनवतात, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला छतावरच्या विजेचा झटका बसेल. बॅटरी आणि घर ग्रिडपासून तोडणारी सोय असेल, तर वीज गेल्यावरही दिवे चालतील. अशा घरालाही 'विजेपुरतं स्वयंपूर्ण' एवढंच म्हणा.