पिक्सीजचं खातं १९९१ लाच बंद झालं का?

टेपकापू

परवा भाचा म्हणाला, "मामा, पिक्सीज ऐकायचंय, कुठून सुरुवात करू?" मोबाईलवर त्याला नऊ अल्बम आणि एक छोटा अल्बम असा पसारा दिसत होता. मी सांगून टाकलं, "पहिले पाच ऐक, बाकीचे सोड." त्यावर तो "का?" म्हणाला आणि माझी बोबडी वळली. तेव्हा जे सुचलं नाही ते इथे लिहितो. पटलं नाही तर हाणा.

ज्यांचा या अमेरिकन रॉक बँडशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: बॉस्टन, १९८६. चार्ल्स थॉम्पसन (गाताना ब्लॅक फ्रान्सिस) आणि त्याचा कॉलेजातला मित्र जोई सँटियागो, दोघांकडे गिटार. बेसवाला हवा म्हणून जाहिरात दिली की कानठळ्या बसवणारे हुस्कर डू आणि गोड गळ्याचे लोकगीतवाले पीटर, पॉल अँड मेरी हे दोन्ही आवडणारा माणूस पाहिजे. म्हणजे एकाच ताटात ठेचा आणि श्रीखंड. आली एकटी किम डील, तीही बेस न घेता. ड्रमवर डेव्हिड लव्हरिंग. १९८७ ला 'कम ऑन पिलग्रिम' हा आठ गाण्यांचा छोटा अल्बम, मग दर वर्षी एक: 'सर्फर रोझा', 'डूलिटल', 'बोसानोव्हा', 'ट्रॉम्प ल मोंद'. १९९३ ला संपलं. २००४ ला पुन्हा एकत्र दौरे सुरू, २०१३ ला नवं रेकॉर्डिंग चालू असतानाच किम बाहेर पडली. २०१४ पासून २०२४ पर्यंतचे पाच अल्बम तिच्याशिवायचे.

ते पाच वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ते पिक्सीज नाहीत, एवढंच. आपल्याकडे जुनं नाटक पुन्हा काढलं की जाहिरातीत 'नव्या संचात' असं छापतात. इथे तेवढी सभ्यताही नाही.

'डूलिटल'मधलं 'टेम' घ्या. दोन मिनिटांचंसुद्धा नाही. बेस पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच तीन सूर धरून बसलेला. थॉम्पसन आधी दातओठ खात कुजबुजतो, मग एकाच शब्दावर घसा फाडतो. शेवटाकडे तो नुसता धापा टाकत असतो आणि त्याच्या डोक्यावरून किमचा आवाज निवांत तरंगत जातो, जणू शेजारच्या खोलीत कुणी कपड्यांच्या घड्या घालत गुणगुणतंय. ती बाई काढा. उरतो एक ओरडणारा माणूस.

सॉमरव्हिलकर

अहो टेपकापू, मोजायचंच तर नीट मोजू. किम हाच निकष असेल तर तुमचे पाचही टिकत नाहीत.

'सर्फर रोझा'वर 'जायगँटिक' आहे, थॉम्पसन आणि तिने मिळून लिहिलेलं, गायलंय तिनेच. श्रेयनामावलीत तिने तेव्हा स्वतःचं नाव 'सौ. जॉन मर्फी' असं छापून घेतलं होतं, मुद्दाम, टवाळी म्हणून. 'डूलिटल'वर 'सिल्व्हर'मध्ये तिचा वाटा. पुढे? 'बोसानोव्हा'वर तिचं एकही गाणं नाही. 'ट्रॉम्प ल मोंद'वरही नाही. पहिल्यात सर्फ बँडचं 'सिसिलिया अ‍ॅन' आहे, दुसऱ्यात जीझस अँड मेरी चेनचं 'हेड ऑन' आहे. परक्यांच्या गाण्यांना जागा होती, घरच्या बाईला नव्हती. ती बिचारी १९९० सालीच ब्रीडर्स नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटून मोकळी झाली होती.

म्हणजे तुमच्या हिशेबाने 'डूलिटल'नंतर कुलूप लावायला हवं. पण तुम्ही लावणार नाही, कारण 'बोसानोव्हा'वरचं 'व्हेलोरिया' तुम्हालाही आवडतं. तेव्हा निकष किम नाही. निकष तुमचं वय.

गुळपोळी

खुर्ची टाकून बसले आहे. चहा कुणाला?

खर्ज

मी तर म्हणतो १९८८ लाच थांबा. 'सर्फर रोझा' आणि संपलं.

कारण एकच, तो रेकॉर्ड करणारा स्टीव्ह अल्बिनी. या माणसाला 'प्रोड्यूसर' म्हटलेलं खपायचं नाही. आम्ही फक्त टेपवर उतरवतो म्हणायचा. कामाचे ठरलेले पैसे एकरकमी घ्यायचा, रॉयल्टी नको म्हणायचा. 'जायगँटिक' आणि 'व्हेअर इज माय माइंड' मधला किमचा आवाज घुमवायला यंत्र वापरायचं नव्हतं म्हणून सगळं सामान उचलून स्टुडिओच्या बाथरूममध्ये नेलं. हेडफोन लावून ऐका, फरशी ऐकू येते. ड्रम असे की लव्हरिंग तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये बसलाय. गाण्यांच्या मधल्या गप्पा, शिव्या, सगळं तसंच ठेवलं.

याचा परिणाम कुठवर गेला? पी. जे. हार्वेने 'रिड ऑफ मी'साठी आणि निर्वाणा बँडने 'इन युटेरो'साठी अल्बिनीलाच गाठलं, दोन्ही १९९३. 'सर्फर रोझा'चा आवाज दोघांच्याही कानात होता.

त्यानंतर 'डूलिटल'ला प्रोड्यूसर म्हणून आला गिल नॉर्टन आणि भिंतीला रंग लागला. 'डूलिटल' छान आहे, पण हॉटेलातल्या भाजीसारखं. वर तर्री आहे, आत घरची चव नाही.

मधली_आळी

खर्ज, तर्रीवाल्या भाजीवर जग जेवलं हो. अमेरिकेत 'डूलिटल' प्लॅटिनम झालं, दहा लाखांचं. व्हायला १९८९ पासून २०१८ उजाडलं ही गोष्ट वेगळी. हिट म्हणतात तसं ते कधीच नव्हतं, मुरत गेलं.

आणि नॉर्टनला इतकं झोडपू नका. गाणी फार आखूड आहेत, एखादं कडवं वाढवा, असं तो थॉम्पसनच्या मागे लागला होता. थॉम्पसन त्याला घेऊन रेकॉर्डच्या दुकानात गेला, बडी हॉलीच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढला आणि मागची यादी दाखवली. सगळी दोन-दोन मिनिटांची. नॉर्टन गप्प. 'डूलिटल'वर पंधरा गाणी एकोणचाळीस मिनिटांच्या आत बसलीत ती अशी.

नॉर्टन नसता तर 'मंकी गॉन टू हेवन'मधली व्हायोलिनं आणि चेलो कुणी आणले असते? अल्बिनीने वादकांना दारातून परत पाठवलं असतं.

अल्बिनीची अजून एक गंमत. 'सर्फर रोझा' झाल्यावर काही वर्षांनी त्याने याच बँडबद्दल छापील वाईटसाईट लिहिलं होतं, पुढे त्याचं त्यालाच वाईट वाटलं. तेव्हा तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त अल्बिनीवादी होऊ नका.

खर्ज

वाईट वाटलं ना, मग मिटलं. २०२४ ला गेला बिचारा. भाजीवाला मुद्दा मागे घेत नाही.

नवी_कोरी

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा बरीच लहान असेन. 'फाइट क्लब' सिनेमाच्या शेवटी इमारती कोसळताना 'व्हेअर इज माय माइंड' वाजतं, तिथून आले. माझ्या ओळखीतले निम्मे असेच आले. त्यामुळे कुठला अल्बम आधी आणि कुठला 'नव्या संचात' हे कळायच्या आतच सगळं कानावरून गेलं होतं.

मला 'हेड कॅरियर' (२०१६) आवडतो. त्यात 'ऑल आय थिंक अबाउट नाऊ' हे गाणं तेव्हाची नवी बेसिस्ट पाझ लेंचँटिन गाते, आणि ते किम डीलला लिहिलेलं आभाराचं पत्र आहे. शब्द थॉम्पसनचे. ज्या बाईशी वर्षानुवर्षं धड बोलणं नव्हतं तिचे आभार तिच्या जागी आलेल्या बाईच्या तोंडून मानायचे. हे पिक्सीज नाही तर काय आहे? एवढं विचित्र दुसरं कोण करेल?

आणि २०१४ चा 'इंडी सिंडी' अमेरिकेच्या खपाच्या यादीत २३ व्या क्रमांकावर गेला. 'डूलिटल' ९८ वर होता.

टेपकापू

नवी_कोरी, त्याच गाण्याची सुरुवातीची गिटार ऐका आणि मग 'व्हेअर इज माय माइंड'ची ऐका. जुन्या साडीचा काठ काढून नव्या परकराला लावलाय. आभार म्हणा, मी त्याला आठवणींवर घेतलेली उचल म्हणतो.

यादीतल्या क्रमांकाचं सोडा. तेवीस वर्षं लोक वाट बघत होते, पहिल्या आठवड्यात उड्या पडणारच.

भरतवाक्य

माझं संगीत दुसरं, हे कमी ऐकलंय, पण एक विचारू का? आमच्याकडे बुवांच्या मागचा तबलजी बदलतो, पेटीवाला बदलतो, तंबोऱ्यावर दर वेळी नवा शिष्य. मैफल बुवांचीच राहते. इथे गाणी लिहितो एक माणूस, गातो तोच. मग बाकीच्यांवरून एवढा गहजब का?

सॉमरव्हिलकर

भरतवाक्य, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय, तरी मला ते पटत नाही, काय करू!

थॉम्पसनने बँड मोडल्यावर फ्रँक ब्लॅक या नावाने स्वतःचे ढीगभर अल्बम काढले. गाणी त्याची, गळा त्याचा, म्हणजे तुमचे बुवा संपूर्ण. त्यांना कुणीही पिक्सीज म्हणत नाही, तोही नाही. चौघांतलं काहीतरी त्यात नव्हतं. पण ते 'काहीतरी' फक्त किम नव्हे, सँटियागोसुद्धा आहे. 'वामोस'मध्ये तो गिटारला जो काही छळ करतो त्याला सोलो म्हणायचं की पोलिसात तक्रार द्यायची हे ठरवावं लागतं. आणि सँटियागो, लव्हरिंग दोघेही नंतरच्या पाचही अल्बमांत आहेत. चारात तीन. टेपकापू, पाऊणशे टक्के पाणी असलेल्या विहिरीला कोरडी म्हणत नाहीत.

टेपकापू

'वामोस'चं नाव काढलंत म्हणून सांगतो.

१९९६, पुण्यातलं होस्टेल. एका सीनियरच्या भावाने परदेशातून सीडी आणली होती, 'सर्फर रोझा' आणि 'कम ऑन पिलग्रिम' एकाच चकतीवर. मी ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली, एका बाजूला ही सीडी, दुसऱ्या बाजूला 'डूलिटल'. डूलिटल मावलं. ही सीडी मावेना. पहिली बाजू 'हॉलिडे साँग'च्या मध्येच खटकन थांबायची. कित्येक वर्षं मला ते गाणं तिथवरच माहीत होतं.

आणि त्या बाजूला 'वामोस' दोनदा होतं. मला वाटलं, रेकॉर्ड करताना आपलाच काहीतरी घोळ झाला. पुढे कळलं, ते दोन्ही अल्बमांवर आहे. 'कम ऑन पिलग्रिम' मुळात डेमो. थॉम्पसनच्या वडिलांच्या हजार डॉलरांतून सतरा गाणी रेकॉर्ड झाली, त्यातली आठ ४एडी या ब्रिटिश कंपनीने काढली. 'हिअर कम्स युअर मॅन' त्या टेपवर होतं, पण तेव्हा मागे राहिलं आणि 'डूलिटल'वर नव्याने आलं. उरलेली नऊ गाणी २००२ ला निघाली.

तेव्हा सॉमरव्हिलकर, 'पाच अल्बम' हे माझं मोजमाप पहिल्यापासूनच लंगडं आहे, कबूल. त्यांतला एक डेमो, आणि शेवटच्या दोनांत किम बेसपुरती. बोसानोव्हाचे शब्द तर थॉम्पसन गायच्या पाच मिनिटं आधी कागदी रुमालावर लिहायचा म्हणे. तरी 'बोसानोव्हा' माझा आहे आणि 'इंडी सिंडी' नाही. का, ते विचारू नका. वयाचं म्हणालात ते लागलं थोडं.

गुळपोळी

भाच्याचं काय झालं शेवटी?

टेपकापू

काल फोन आला होता. पाच ऐकले नाहीत, दहाही ऐकले नाहीत. 'इंटू द व्हाइट' नावाचं एकच गाणं सारखं लावतोय म्हणाला. १९८९ च्या एका सिंगलच्या मागच्या बाजूचं. गाते किम.

विचारत होता, हे नेमकं कुठल्या अल्बमवर आहे. एकाही नाही.