'डॉक्टरचे ८०० वाचवा' म्हणणाऱ्या नानांस

काउंटरवाला:
नानांचा परवाचा लेख वाचला. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: नानांनी मौंजारो (आठवड्याला एकदा घ्यायचं, भूक मारून वजन उतरवणारं टिर्झेपॅटाइडचं इंजेक्शन) घेऊन सात महिन्यांत ९८ चे ८१ किलो केले. अभिनंदन, यात टोमणा नाही. पण आता ते सगळ्यांना शहाणं करायला निघालेत. त्यांचं म्हणणं: २०२५ मध्ये आली तेव्हा २.५ मिलिग्रॅमची बाटली ३,५०० ला होती, ५ ची ४,३७५ ला, म्हणजे दुप्पट औषध फक्त ८७५ जास्त देऊन. मग ५ चीच घ्या, 'इन्सुलिनच्या सिरिंजने २५ युनिट ओढा', उरलेली अर्धी फ्रिजात, पुढच्या आठवड्याला. डॉक्टर काय, नुसती चिठ्ठी लिहितो, त्याचे ८०० वाचवा. चिठ्ठी न मागणारी मेडिकलं गल्लोगल्ली आहेत.

माझं मेडिकल आहे. २१ वर्षं काउंटरला उभा आहे. नाना, एकच विचारतो: कुठल्या इन्सुलिनच्या सिरिंजने?

आपल्याकडे दोन मिळतात. लाल टोपीची ४० युनिटवाली आणि केशरी टोपीची १०० वाली. केशरीवर २५ युनिट म्हणजे पाव मिली. अर्धी बाटली, तुमचा हिशोब बरोबर. लालवर २५ युनिट म्हणजे ०.६२५ मिली. बाटलीत औषध असतं अर्धा मिली!

माझ्या सख्ख्या मेहुणीने असाच एक सल्ला वाचून हे केलं. सिरिंज लाल. २५ च्या खुणेकडे ओढत गेली तर खूण यायच्या आधी बाटलीच संपली. थांबली का? नाही. तिला वाटलं कंपनीने कमी भरलंय. मला फोन: "भावोजी, चोर आहेत हो हे लोक, पैसे पूर्ण घेतात आणि माल कमी." दुकानात संध्याकाळची गर्दी, मला वाटलं शाम्पूबद्दल बोलतेय. हो हो म्हटलं आणि ठेवला. पहिल्याच डोसला २.५ च्या जागी ५ गेले. तिसऱ्या दिवशी सलाईन. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरत नव्हता.

शिवाय ती बाटली एका डोसची असते. एकदा बूच टोचलं की उरलेलं फेकायचं, आठवडाभर लोणच्याशेजारी ठेवायचं नसतं. आणि याच इंजेक्शनचं पेन आल्यापासून 'सुई बदलून बायकोलाही त्याच पेनने देतो' असं जे लिहिलंय ते वाचून हात जोडले. सुई बदलली तरी रक्ताचा अंश आतल्या कार्ट्रिजमध्ये मागे जाऊ शकतो. हिपॅटायटिस बी नवराबायकोचं नातं बघत नाही.

फिटनाना:
वा. माझ्यासाठी खास धागा. आभारी आहे.

आता माझंही ऐका. ८०० रुपये देऊन मी ज्यांच्याकडे गेलो ते चार मिनिटं बोलले, त्यातली दोन फोनवर. मला म्हणाले, "तोंडाला कुलूप लावा, किल्ली बायकोकडे द्या." सोबत मुलगी होती माझी, १६ वर्षांची. दुसऱ्यांकडे गेलो तिथे बाहेर त्यांच्याच काउंटरवर त्यांचीच प्रोटीन पावडर, २,९०० चा डबा. मला आकडा, मात्रा, कसं वाढवायचं, काहीही कोणी सांगितलं नाही. मी स्वतः वाचून काढलं. चार आठवडे २.५, मग ५. घाई केली नाही. सगळं केशरी सिरिंजने केलं, मला एकही उलटी झाली नाही.

आणि मेडिकलवाल्यांनी नियम शिकवू नयेत. ताप आला की तीन अँटिबायोटिक सुटी कापून कोण देतं? तुमच्या मेहुणीला ती लाल सिरिंज दिली कोणी, ते सांगा आधी.

दोनवेळा५५:
हे सगळं वाचून हसावं की रडावं. इंजेक्शनं, सिरिंजा, ८७५ चे हिशोब! डॉ. दीक्षितांनी फुकट सांगितलेलं आहे. दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांत, खरी भूक लागेल तेव्हा. माझे ११ किलो गेले, खर्च शून्य. आणि तुमचं औषध सोडलं की काय होतं? त्याच जातीच्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. ही काय ट्रीटमेंट झाली?

तूपभात:
आले का ५५ मिनिटं घेऊन. २०१८ पासून ऐकतोय. आमच्या ऑफिसात तुमचे चार अनुयायी होते, दुपारी एकच्या ठोक्याला डब्यावर तुटून पडायचे ते पाहवत नसे. गुलाबजामही त्याच ५५ मिनिटांत, कारण 'इन्सुलिन एकदाच येतं'! आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर साधं सांगते, आजी जे खायची ते खा, तूप खा, थोडं थोडं खा. बारा वर्षं माझं वजन काट्यावर तिथेच आहे.

दोनवेळा५५:
तिथेच म्हणजे किती, तेही सांगा की. गुलाबजामचं म्हणाल तर ते वाचणाऱ्याच्या सोयीचं वाचन. डायबिटीस असेल तर गोड बंदच आहे त्यात. दर दोन तासांनी खाणं हा फक्त ज्यांच्या घरी डबे भरून द्यायला माणसं आहेत त्यांचा छंद. आमच्या मातोश्री शेतात होत्या, त्यांनी कधी मध्येच शेंगदाण्याचा लाडू काढला नाही कमरेचा.

तूपभात:
शेतात होत्या ना? मग नऊ तास वाकून काम करून त्या दोनदा जेवायच्या. तुम्ही लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाता. आणि तूप...

काउंटरवाला:
अहो, तूप राहू द्या. धागा सुईचा आहे.

तूपभात:
तुपाचा विषय मी काढलेला नाही, मी फक्त उत्तर देतोय. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं.

दोनवेळा५५:
तूप शब्द पहिल्यांदा तुमच्या नावातच आहे. आणि दोनदाच जेवायची मूळ कल्पना डॉ. जिचकारांची, नागपूरची, हेही सांगून ठेवतो, नाहीतर आता म्हणाल मुंबईची.

रेवती_ना:
मी नाशिकची, आणि तुमच्या दोघांच्या भांडणात माझ्या सासूबाईंची गोष्ट घालते, कारण ती तुमच्या दोघांच्याही कामाची आहे. त्यांना १४ वर्षं डायबिटीस. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी. त्यात जावेने कुठूनसं हे इंजेक्शन सुरू करून दिलं, कारण लेकीच्या लग्नात सगळ्या बारीक दिसायला हव्यात. इंजेक्शनसोबत ती गोळी कमी करायची असते हे कोणालाच माहीत नाही. आली संकष्टी. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे. इंजेक्शनमुळे भूक तर मेलेलीच, त्यामुळे 'उपास किती सोपा गेला गं यंदा' म्हणत होत्या. साडेसातला मोदकाचं पीठ मळता मळता परातीवरच वाकल्या. घाम इतका की पदर पिळून निघाला असता. शुगर ५४.

दोनवेळा५५ काका, तुम्ही म्हणता खरी भूक लागेल तेव्हा जेवा. या औषधावर ती लागतच नाही हो. मग काय, पुढच्या संकष्टीपर्यंत थांबायचं?

दोनवेळा५५:
मी कुठे म्हटलं इंजेक्शन घेऊन ५५ मिनिटं करा? मी म्हणतो इंजेक्शनच नको. पण गोळीवर असताना डॉक्टरांना न विचारता जेवण तोडू नये, हे खरं आहे. एवढं मान्य.

तूपभात:
नोंद करून ठेवा, तारखेसकट.

एडिसनकर:
इकडे न्यू जर्सीत पण हाच तमाशा होऊन गेलाय. टंचाईच्या काळात इथे कंपाउंडिंगवाल्यांकडून (स्वतःच औषध तयार करून देणाऱ्या फार्मसी) सेमाग्लुटाइडच्या बाटल्या मिळायच्या, सिरिंजने ओढून घ्यायच्या. मिलिग्रॅम, मिली आणि युनिट यात लोक गोंधळले, काहींनी ५ ते २० पट जास्त घेतलं. शेवटी जुलै २०२४ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियामकाने, इशारा काढला. त्यात डॉक्टर-नर्सनीही चुकीचा हिशोब केल्याच्या केसेस होत्या. तेव्हा 'डॉक्टर असला की झालं' हेही नाही, काउंटरवाले. फक्त भारतातली लाल-केशरी भानगड इथे नाही. बाकी भारतात सगळं सिस्टिमशिवायच...

काउंटरवाला:
'बाकी भारतात' सुरू करू नका, प्लीज. आधीच तूप सांभाळतोय.

भूल_देते:
मी भूलतज्ज्ञ. दोन मिनिटं आहेत म्हणून लिहिते. पित्ताशयाच्या ऑपरेशनला बाई आली. (वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे होतात, हाही एक प्रसाद.) रात्रीपासून १४ तास उपाशी. खोटं बोलत नव्हती. भूल देण्याआधी सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवला तर आत आदल्या दिवशीचा भात. हे औषध जठर रिकामं व्हायला वेळ लावतं. तसंच झोपवलं असतं तर तो भात फुफ्फुसात जाऊ शकला असता. 'कुठली औषधं चालू आहेत' याच्या उत्तरात तिने बीपीची गोळी सांगितली. इंजेक्शन का नाही सांगितलं? "नवऱ्याला माहीत नाही, तो बाहेरच उभा होता."

तर चिठ्ठीचा मुद्दा ८०० रुपयांचा नाहीच. कुठेतरी लिहिलेलं असतं की ही बाई हे घेते, हा मुद्दा आहे.

आणि ज्या मुली गर्भनिरोधक गोळीवर आहेत त्यांनी ऐका, कारण हे काउंटरवर कोणी सांगत नाही: टिर्झेपॅटाइड सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे तुमच्या गोळीवर विसंबू नका. दुसरं काहीतरी वापरा.

पीसीओएसवाली:
हे मला आत्ता कळतंय. पाच महिने झाले सुरू करून. चिठ्ठीवर. ८०० नाही, १,५०० देऊन.

फिटनाना:
घ्या. चिठ्ठी होती, फी होती, तरी सांगितलं नाही. मी काय वेगळं म्हणत होतो?

पीसीओएसवाली:
नाना, तुम्ही वेगळंच म्हणत होता. तुम्ही म्हणत होता जाऊच नका. मी म्हणतेय की जाऊनही विचारावं लागतं. आणि काका-दादांनो, 'इंजेक्शनच नको' म्हणणं सोपं आहे. वयाच्या १५ व्या वर्षापासून मी तुमचे दोन्ही पंथ केलेत, तूपवाला आणि ५५ वाला. तूपवाल्यात वाढले सहा किलो. ५५ वाल्यात रोज दुपारी रडायचे. आता पहिल्यांदा कळलं की इतर लोक समोर बाकरवडी असताना तिच्याशिवाय दुसरा विचार कसा करू शकतात. मला हे कोणी आळशीपणा म्हटलं की संताप होतो.

तूपभात:
वाढले ते तुपाने नसावेत. प्रमाण चुकलं असेल.

पीसीओएसवाली:
तुम्हाला खरंच एवढंच दिसलं?

रास्तापेठी:
तूपभातजी, 'काट्यावर वजन तिथेच' याला फार अर्थ नाही बरं. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा लॅन्सेटमधला २००४ सालचा फोटो बघा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बाहेरून बारीक, आतून तुपाचा डबा. आपल्याकडे लठ्ठपणाची रेघ २५ ला धरतात ती अशामुळेच. आणि म्हणूनच इंजेक्शनने स्नायू झडू द्यायचे नसतात. आपल्याकडे ते आधीच कमी. डाळ, अंडी, पनीर, जे चालत असेल ते, आणि थोडं वजन उचलणं. नाना, ८१ मध्ये स्नायू किती उरलेत, मोजलंत?

फिटनाना:
पिशव्या तिसऱ्या मजल्यावर नेतो. मध्ये एकदा थांबावं लागतं हल्ली. मोजलं नाही.

काउंटरवालेसाहेब, मघाचं उत्तर राहिलं. सिरिंज दिली कोणी?

एडिसनकर:
हो, ते मीही शोधतोय वरपासून.

काउंटरवाला:
माझ्याच दुकानातली होती.

मी नव्हतो, पोऱ्या होता काउंटरला. तिने मागितली "इन्सुलिनची सिरिंज", त्याने दिली. लालच जास्त खपते, वरच्याच खणात असते. कशाला हवी हे त्याने विचारलं नाही, कारण मी त्याला कधी विचारायला शिकवलं नाही. १० रुपयांच्या वस्तूला कोण विचारतो? घरातली बाई म्हणून त्याने पैसेही घेतले नाहीत. सलाईन लागलेल्या हाताने तिने मला ते सांगितलं, "भावोजी, फुकट दिली हो त्याने." आता दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवल्यात आणि पोऱ्या आधी विचारतो कुठलं औषध, कितीची बाटली. गिऱ्हाइकं वैतागतात. झालं समाधान?

फिटनाना:
समाधान नाही. पण बरं वाटलं.

लेखात 'केशरी टोपीची, १०० युनिटवाली' असं घालायला गेलो होतो. मग तो अर्ध्या बाटलीचा परिच्छेदच काढला. पेनचं वाक्यही काढलं. बायकोला आज सांगितलं, ती म्हणाली रक्त तपासून घेऊ दोघांचं. म्हणजे लॅबचे वेगळे, डॉक्टरचे वेगळे. चार मिनिटांचे ८०० मला अजूनही जास्तच वाटतात, ते वाक्य राहणार.

भूल_देते:
राहू द्या. जाताना पेन सोबत न्या आणि प्रश्न कागदावर लिहून न्या, चार मिनिटांत बसतील.

तूपभात:
रास्तापेठी, 'तुपाचा डबा' हा शब्द मागे घ्या.

दोनवेळा५५:
अजिबात घेऊ नका.