अनुभव धागा: पीसी स्वतः जोडताना रॅम कुठे नडते?

सगळं जोडून झालं, पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळी. अशा वेळी पुष्कळदा रॅमच नडलेली असते. काय अडतं, का अडतं आणि कसं सुटतं, नेमकं लिहा. 'काढून परत लावली आणि चालू झाला' एवढ्यावर सोडू नका.

*

पहिली गडबड बसवतानाच होते. बऱ्याच मदरबोर्डांवर रॅमच्या स्लॉटची (खाचेची) खिट्टी एकाच टोकाला असते. तिचा टक् आवाज आला की लोक थांबतात आणि दुसरं टोक अर्धवट वर राहतं. दोन टोकांवर दोन अंगठे ठेवून सरळ खाली दाबा, जोर बराच लागतो. सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसत असेल तर काढून पुन्हा बसवा. मात्र रॅमच्या पट्टीवरची खाच स्लॉटशी जुळत नसेल तर अजिबात रेटू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) दोन्हींना २८८ पिना, पण खाचेची जागा वेगळी. रेटारेटीत स्लॉट कायमचा जातो.

*

दोनच स्टिक (रॅमच्या पट्ट्या) असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट. बोर्डावर बहुधा ए२, बी२ छापलेलं असतं. बऱ्याच बोर्डांवर सिग्नलची वाट पहिल्या स्लॉटवरून दुसऱ्यात जाऊन संपते. शेवटचा स्लॉट रिकामा राहिला की तिथून सिग्नल उलटा परततो आणि जास्त स्पीडला एरर येऊ लागतात.

*

वरच्या प्रतिसादाला जोडून: डीडीआर५ असेल तर ३२ जीबीसाठी १६ च्या दोन घ्या, ८ च्या चार नकोत. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसर मालिकेत दोन स्टिकना अधिकृत स्पीड ५२०० एमटी/से. (सेकंदाला दशलक्ष ट्रान्सफर), चार लावल्या की थेट ३६००. 'नंतर अजून दोन टाकू' हा बेत मला तरी पटत नाही. वेगवेगळी किट (एकत्र विकलेले स्टिकचे संच) एकत्र चालतीलच असं नाही, मॉडेल नंबर तोच असला तरी.

*

डीडीआर५ वर पहिल्यांदा चालू करताना घाई करू नका! बोर्ड आधी रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे सिग्नलची वेळ जुळवून घेतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमचा) दिवा पेटलेला. याला कधीकधी कित्येक मिनिटं लागतात, आणि मध्येच पॉवर बंद केली की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटांनीही काही नाही, तर वीज तोडा, सीमॉस क्लिअर करा (बोर्डाची साठवलेली सेटिंग्ज पुसा) आणि ए२ मध्ये एकच स्टिक लावून बघा.

*

बॉक्सवर ६००० आणि विंडोजमध्ये ४८००? स्टिक ठीक आहे, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा जाहीर स्पीड लावणारी तयार सेटिंग, सुरू करायचं राहिलंय. सुरू केल्यावर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चारही फेऱ्या होऊ द्या. एक एरर आली तरी स्पीड ५६०० वर आणून पुन्हा तपासा.

*

निम्मीच रॅम दिसत असेल तर स्टिकची अदलाबदल करा. दोष स्टिकबरोबर सरकला तर स्टिक बदलून घ्या. त्याच स्लॉटवर राहिला तर प्रोसेसर काढून सॉकेटची वाकलेली पिन शोधा. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले तरी एक चॅनल (प्रोसेसर ते रॅम ही एक वाट) गायब होतो, म्हणून ते कोपऱ्यांतून आलटूनपालटून थोडे थोडे पिळायचे.