रोमन सम्राट ऑगस्टसच्या चांदीच्या नाण्यावर ढाली, पळी आणि वाकडी काठी: प्रकार कोणता, अस्सल कसं ओळखायचं?

कसोटी_दगड: विकत घ्यायचा विचार आहे. वजन ३.४१ ग्रॅम, व्यास १८ मिमी. पुढे माळ घातलेलं डोकं, मागे दोन उभे पुरुष, मधे ढाली-भाले, वर पळीसारखं काहीतरी आणि वाकडी काठी. हे युद्धदेव का? आणि नाणं खरं का?

टाकसाळकर: देव नाहीत. ऑगस्टसचे नातू आणि दत्तक पुत्र, गायस आणि ल्युशियस. अंगावर टोगा, म्हणजे नागरी वेष. टाकसाळ लुग्दुनम, आजचं लिऑं. पुढच्या बाजूला 'पातेर पात्रिए' (राष्ट्रपिता) असेल. ही पदवी इ.स.पू. २ मधली, त्यामुळे नाणं त्याआधीचं नाही. ढाली-भाले बघून लढाई शोधू नका. रोमन अश्वारूढ वर्गाने दोघांना 'तरुणांचे प्रमुख' म्हणून चांदीची ढाल आणि भाला दिला, ती ही मानाची शस्त्रं. वरची पळी (सिम्पुलम) आपल्या पूजेतल्या पळीसारखीच, अर्घ्य द्यायची. ती गायसची, कारण तो पोंतिफेक्स, म्हणजे पुरोहित. वाकडी काठी (लितुउस) शकुन पाहणाऱ्या ऑगरची, म्हणून ल्युशियसची. पळी बहुधा डावीकडे असते, पण जागा उलट असलेले साचेही आहेत. तेवढ्यावरून खोटं ठरवू नका.

पारखी: ३.४१ कमी वाटतं. चांगल्या स्थितीतलं ३.७ ते ३.९ भरतं. झीज दिसत नसेल तर तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा असण्याची शक्यता मोठी. घनता काढा: ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जेवढं दाखवेल त्याने कोरडं वजन भागा. ०.३३ आलं तर १०.३, चांदीला साजेसं, ०.३७ आलं तर ९.२, म्हणजे आत तांबं. इतक्या लहान नाण्याला ०.०१ च्या चुकीने उत्तर ०.३ ने हलतं, म्हणून पाच वेळा मोजा. बुडबुडा चिकटला तर घनता कमीच येते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका.

मग कडा भिंगाखाली बघा. सलग शिवण किंवा टाचणीएवढी भोकं असतील तर ओतीव, म्हणजे धातू ओतून केलेली नक्कल. आणि पितांबरी-चिंच अजिबात नको, तडा असेल तर पत्रा सुटतो.

टाकसाळकर: एक राहिलं. हा प्रकार दक्षिण भारतात पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यांत भरपूर मिळतो, तेलंगणातल्या नलगोंड्याच्या अक्कनपल्लीतही. इथल्या जुन्या नकलाही आहेत: त्यांत अक्षरांच्या नुसत्या रेघा होतात. ती आधुनिक बनावट नव्हे, पण किंमत वेगळी लागते.

कसोटी_दगड: ०.३७ आलं, पाचही वेळा. कानाच्या मागे हिरवट ठिपकाही आहे.

पारखी: मग पत्र्याचंच. प्राचीन असू शकतं, त्या काळीही अशी नाणी पाडत. चांदीच्या भावाने घेऊ नका.