विषय: अम्मी-अब्बांचा उमरा, खिशाला झेपेल असा

प्रेषक: दापोलीवाला, रियाध

मंडळातल्या सर्वांना सलाम आणि नमस्कार.

अम्मी-अब्बा फॅमिली व्हिजिटवर आलेत. अब्बा ७२ वर्षांचे, अम्मीचा उजवा गुडघा कुरकुरतो. उमऱ्यासाठी, म्हणजे हजखेरीज एरवी करता येणाऱ्या मक्केच्या यात्रेसाठी, गुरुवारी रात्री गाडीने निघून तीन रात्री मक्केत राहायचा बेत आहे. मदिनेला नंतर वेगळं नेईन. चौघांचं विमान परवडत नाही. हॉटेलं बघितली तर हरमसमोरच्या, म्हणजे काबा असलेल्या मोठ्या मशिदीसमोरच्या, टॉवरमधलं भाडं वाचूनच तहान लागली. मक्केतल्याच मिस्फला भागाकडे एक खोली त्याच्या पाव भाड्यात मिळतेय, 'हरमपासून ८०० मीटर' लिहिलंय. घेऊ का? बायको म्हणते, आधी भाभींना विचार.

प्रेषक: जेद्दाची भाभी

बायकोचं ऐकलंस, बरं केलंस. ८०० मीटर, पण आडवे की उभे? मक्का डोंगरांच्या मधल्या घळीत वसलेली आहे. हरम तळाशी, आणि स्वस्त खोल्या बहुतेक चढावर. नकाशात चढ दिसत नाही रे.

माझ्या सासूबाईंना घेऊन मी अशाच एका खोलीत उतरले होते. हॉटेलचं नाव घेत नाही. जाताना उतार, म्हणून पहिल्या दिवशी सगळे खूश. इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज झाल्यावर परतताना मात्र त्या तीन ठिकाणी थांबल्या. एका ज्यूसवाल्याने आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, तिच्यावर बसून त्यांनी मला जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या दोनच नमाजांना हरमात आल्या. म्हणजे भाडं वाचलं आणि ज्यासाठी आलो तेच राहिलं.

चालणं मुळात कमी नाहीच. सफा ते मरवा एक फेरी साधारण ४५० मीटर, अशा सात. सईतच, म्हणजे या दोन टेकड्यांमधल्या फेऱ्यांतच, तीन किलोमीटर झाले. तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्या, त्याआधीचा, आणि गर्दीमुळे वरच्या मजल्यावर जावं लागलं तर एकेक फेरी केवढी तरी लांबते. चाकाची खुर्ची हरमात फुकट मिळते. पैसे ढकलणाऱ्याचे पडतात, ते तुझे वाचले, तू आहेसच!

माझं मत विचारशील तर एक तर अगदी जवळ घे, नाही तर सरळ लांब जा. मधलं नको. लांब म्हणजे अझीझिया भाग. हजच्या वेळी आपल्याकडच्या हाजींना बहुतेक तिथेच उतरवतात, त्यामुळे इमारती भरपूर आहेत आणि एरवी त्या रिकाम्या असतात. बुक करण्याआधी लिफ्ट चालू आहे का आणि बसथांबा किती पावलांवर आहे, हे फोन करून विचार. मक्केच्या शहर बसला मी गेले तेव्हा माणशी ४ रियाल पडले. चौघांचे एका खेपेला १६, टॅक्सीवाला तेवढ्यात दारही उघडत नाही. फक्त नमाजेच्या वेळी हरमाजवळचे रस्ते बंद करतात आणि बस अलीकडेच सोडते. अजानच्या तासभर आधी निघायचं, आणि इशानंतर गर्दीबरोबर धावायचं नाही. आत जमजम विहिरीचं पाणी पीत बसा, अर्ध्या तासाने बाहेर पडा.

गुरुवार मात्र बदल. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, अर्ध्या देशाला तेव्हाच मक्का आठवते, आणि भाडी तशीच चढतात. रविवार ते बुधवार जा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत स्वस्तात उमरा करायचं तर कोणी बोलूही नये.

गाडी हरमापाशी नेऊ नकोस. कुदईच्या मोठ्या पार्किंगमध्ये लाव, पुढे बस आहे. एहराम, म्हणजे यात्रेची कापडं, रियाधहून बांधून निघायची गरज नाही. ताइफच्या पुढे मक्केच्या वाटेवर अस-सैल अल-कबीरला मीकात, म्हणजे एहराम बांधायची ठरलेली जागा, आहे, मशिदीत आंघोळीची सोय आहे. अब्बांना दोन कापडांवर नऊ तास एसीत कुडकुडवू नकोस. सरकारी नुसुक ॲपवर चौघांचे उमऱ्याचे परवाने निघण्याआधी काढ. मदिनेला जाल तेव्हा रियाजुल जन्नासाठी, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीतल्या खास जागेसाठी, त्यातच वेगळी वेळ घ्यावी लागते, पुरुषांची आणि बायकांची वेगवेगळी.

खाण्याचं काही अवघड नाही. मिस्फलात पाकिस्तानी-बंगाली खानावळी आहेत, डाळ आणि तंदुरी रोटीत अब्बा खूश. एकदा अल बैकचं चिकन. पाणी विकत घेऊ नका, बाटल्या घरून न्या आणि हरमात जमजमने भरा. आणि चपला दाराशी सोडू नका. आत गेलात एका दाराने, बाहेर निघालात चौथ्याच, मग उन्हात अनवाणी. प्रत्येकाची पिशवी खांद्याला हवी.

प्रेषक: नांदेडची वहिनी, दम्माम

भाभींनी सगळं सांगितलंच आहे. एक आठवलं म्हणून लिहिते. मक्केत निजामाच्या वक्फाची रुबात, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या हाजींना तिथे राहायला फुकट जागा मिळते, म्हणजे तेलंगणाबरोबर आपला मराठवाडाही आला. नावं कुर्रा टाकून, म्हणजे सोडत काढून, निघतात. आमच्या मामूंचं नाव लागलं होतं, ते आजही हजपेक्षा कुर्ऱ्याचीच गोष्ट जास्त रंगवून सांगतात. ही सोय हजची, उमऱ्याची नव्हे, आणि दापोली काही निजामाकडे नव्हती. भाऊ, तुम्ही भाडं भरा.

प्रेषक: ठाणेकर, रियाध

दापोलीवाल्या, ९०० किलोमीटर तू एकटा गाडी चालवणार? मी येतो ताइफपर्यंत. पुढे मक्केभोवतीच्या हरमची, म्हणजे पवित्र प्रदेशाची, हद्द लागते, आम्हा बिगर-मुस्लिमांना तिथून आत जायची परवानगी नाही, पण तिथवर तरी तुझी झोप होईल. ताइफमध्ये माझा मित्र राहतो, तुम्ही येईपर्यंत तीन दिवस मी त्याच्याकडे थंड हवा खातो. परतताना मला उचला. पेट्रोल अर्धं अर्धं, यावर वाद नको.

प्रेषक: दापोलीवाला, रियाध

सर्वांचे आभार. रविवार ते बुधवार रजा मिळाली. अझीझियात खोली घेतली, लिफ्ट चालू आहे, थांबा दोनशे पावलांवर, हे मालकाकडून दोनदा वदवून घेतलं.

ठाणेकर, पेट्रोलचं अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, 'मुलाला सांग, पेट्रोल माझं, फक्त त्याने गाडीत गाणी हळू लावावीत.' अम्मीने जुन्या ओढणीच्या चार चपलांच्या पिशव्या शिवल्यात. पाचवी ठाणेकरांसाठी शिवतेय, त्यांना लागणार नाही हे सांगून झालंय.